गुरुजींच्या हातचे कागद

नरडाण्याहून दोन वाटा निघतात आणि दोन्ही साने गुरुजींकडे जातात. ताप्ती व्हॅलीच्या रुळांनी पूर्वेला निघालात, तर बेटावद मागे टाकून अमळनेर लागतं. तिथल्या शाळेत १९२४ पासून १९३० पर्यंत ते शिक्षक होते. आग्रा रोडनं दक्षिणेला गेलात, तर धुळं. तिथल्या तुरुंगात ते सत्याग्रही कैदी होते.

गुरुजी आपल्याला ठाऊक आहेत ते ‘श्यामची आई’मुळं. पण ते कवीही होते; ‘पत्री’ हा त्यांचा कवितासंग्रह. ते पत्रकार होते, आणि पत्रं तर त्यांनी उदंड लिहिली. आज बोलायचं आहे ते त्या कागदांविषयी. कागद राहिला तर माणूस राहतो, एवढं साधं गणित आहे हे.

पहिला कागद अमळनेरच्या छात्रालयातला. मुलांसाठी गुरुजी एक दैनिक काढीत. छापखान्यातलं नव्हे बरं का, हातानं लिहिलेलं! हस्तलिखिताचा एक तोटा असतो. छापील अंकाच्या शेकडो प्रती निघतात. एक हरवली तर दुसरी कुठं तरी सापडते. हातानं लिहिलेलं पान गेलं, की गेलंच.

दुसरा कागद धुळ्याच्या तुरुंगातला. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा कैद्यांपुढं गीतेवर बोलत. अशी अठरा प्रवचनं झाली. बोललेला शब्द वाऱ्याबरोबर जातो. पण समोर गुरुजी बसले होते आणि ते लिहून घेत होते. त्यांच्या त्या टिपणांमुळंच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज घरोघरी आहे. तो हात चालला नसता, तर त्या रविवारांचं काय राहिलं असतं?

तारखेचंही असंच आहे. ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ या पाच दिवसांत लिहून झाला. हे आपण खात्रीनं सांगतो, कारण तारखा टिपून ठेवलेल्या आहेत. शिक्षकांनी मुलांना हे जरूर सांगावं. बिनतारखेचं पत्र म्हणजे बिनशिवेचं शेत. कुठं सुरू झालं नि कुठं संपलं, कळायला मार्ग नाही.

तिसरा कागद वर्तमानपत्राचा. १९३८ साली गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं. त्यांची लेखणी तिथं शेतसाऱ्यानं गांजलेल्या शेतकऱ्याची आणि गिरणीतल्या कामगाराची बाजू मांडत होती. पुढं १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ सुरू केलं. डोळ्यांत पाणी आणणारे गुरुजी आपण जपले. सरकारला जाब विचारणारे गुरुजी मात्र या पिवळ्या पडलेल्या अंकांतच भेटतात.

आणि इथंच खरा धोका आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरं खाली काढली. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले, आणि दुसऱ्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. त्यांनी जमवलेले शिवकालीन, पेशवाईतले कागद अजून वाचता येतात. ते हातकागद होते, चिंध्या कुटून केलेले, आणि शाई काजळाची. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. ऊन-हवा लागली, की तो आतूनच आंबट होतो, तांबूस पडतो आणि बोट लावताच तुटतो. म्हणजे तीनशे वर्षांच्या कागदापेक्षा ऐंशी-नव्वद वर्षांच्या कागदाला अधिक जपलं पाहिजे.

मग आपण काय करावं? धाब्याच्या घरात कोनाड्यात, ट्रंकेच्या तळाशी आजोबांच्या नावची जुनी पत्रं असतील. गुरुजींचीच असली पाहिजेत असं नाही. खानदेशातल्या कुठल्याही शिक्षकाची, सत्याग्रहीची असोत. ती रद्दीत घालू नका. चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग कायमचा बसतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत ओल धरते. धुतलेल्या सुती कापडात बांधा, वाळवीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. पाकीट फेकू नका. पोस्टाच्या शिक्क्यावर गाव नि तारीख असते. पत्र कोणी, कोणाला, कशासाठी लिहिलं, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पण फोटो निघाला म्हणून मूळ कागद टाकू नका.

येत्या सुट्टीत शिक्षकांनी मुलांना एवढाच अभ्यास द्यावा: घरातला सर्वांत जुना कागद शोधा आणि त्यावरची तारीख वहीत उतरवून आणा. राजवाडे पायी हिंडले ते एकटे. आपल्याकडे तर वर्गच्या वर्ग आहेत.