कमांड लाइनवरून साउंड कार्डचा मिक्सर: संगणकाचा आवाज का बंद होतो आणि तो कसा सुरू करावा

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात आवाजाचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते, गाण्याची पट्टी पुढे सरकते, पण स्पीकर गप्प असतो. अशा वेळी साउंड कार्ड जळाले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. दिग्रससारख्या तालुक्याच्या ठिकाणी त्यापुढची पायरी म्हणजे संगणक उचलून यवतमाळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेणे. पण बऱ्याचदा कार्ड ठीक असते, फक्त त्याच्या आतल्या मिक्सरचा एखादा भाग बंद असतो. टर्मिनलमध्ये दोन-तीन कमांड देऊन हे घरीच तपासता येते.

मिक्सर म्हणजे काय?

जुन्या संगणकांत साउंड कार्ड वेगळे बसवावे लागे. आता बहुतेक संगणकांत ते काम मदरबोर्डवरची एक छोटी चिप करते. तिच्यात आवाज येण्याचे आणि जाण्याचे अनेक मार्ग असतात: स्पीकर, हेडफोन, माइक, लाइन-इन. प्रत्येक मार्गावर आवाज कमी-जास्त करण्याची सोय आणि तो पूर्ण बंद करणारे ‘म्यूट’चे बटण असू शकते. या सगळ्या सोयींना मिळून मिक्सर म्हणतात. लग्नातल्या साउंड सिस्टीमच्या मिक्सरवर प्रत्येक माइकला वेगळी खुंटी असते आणि शेवटी सगळ्यांवर मिळून एक मुख्य खुंटी असते, तशीच ही रचना.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, आवाजाची पातळी आणि म्यूट या वेगळ्या बाबी आहेत. पातळी १०० टक्के असूनही मार्ग म्यूट असू शकतो. दुसरी, मुख्य खुंटी, म्हणजे ‘मास्टर’, उघडी असली तरी ‘स्पीकर’ किंवा ‘हेडफोन’ ही पुढची खुंटी बंद असू शकते. पडद्यावरचे आवाजाचे चिन्ह सहसा एकच आकडा दाखवते. आतल्या सगळ्या खुंट्या पाहायच्या, तर कमांड लाइन उपयोगी पडते.

लिनक्समधील आवाजाचे थर

लिनक्समध्ये साउंड कार्डशी थेट बोलणाऱ्या भागाला ‘अल्सा’ म्हणतात. यारोस्लाव किसेला यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. २००२ मध्ये तो लिनक्स कर्नलच्या २.५ या विकास-मालिकेत आला आणि २.६ या आवृत्तीपासून त्याने आधीच्या ओएसएस या व्यवस्थेची जागा घेतली.

अल्साच्या वर आणखी एक थर असतो. अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवणे हे त्याचे काम. बरीच वर्षे ते पल्सऑडिओ करत असे. आता अनेक वितरणांत पाइपवायर ते करते. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून पाइपवायर मूळ निवड म्हणून स्वीकारले. वरच्या थरात आवाज सुरू आणि खालच्या थरात बंद, अशी स्थिती असू शकते. म्हणून तपासणी खालून, म्हणजे अल्सापासून सुरू करावी.

कमांड कशा टाइप कराव्यात?

पुढील कमांड देवनागरीत दिल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप कराव्या लागतात. ‘एमिक्सर’ म्हणजे ‘मिक्सर’ या शब्दाआधी जागा न सोडता ‘ए’. ‘एप्ले’ म्हणजे ‘प्ले’आधी ‘ए’. ‘अल्सामिक्सर’ हाही एकच शब्द. ‘अल्सासीटीएल’ म्हणजे अल्सापुढे सी, टी, एल ही तीन अक्षरे. खुंट्यांची नावे मात्र मिक्सरमध्ये दिसतात तशीच लिहावीत. मास्टर, स्पीकर, हेडफोन यांचे पहिले अक्षर मोठे असते आणि ते छोटे लिहिले तर कमांड चालत नाही.

पायरी १: कार्ड दिसते का?

एप्ले -एल

ही कमांड संगणकाला सापडलेल्या कार्डांची यादी देते. इथले ‘एल’ हे अक्षर आहे, एकचा आकडा नाही. प्रत्येक कार्डाला ०, १, २ असा क्रमांक असतो. एचडीएमआय केबलमधून टीव्हीकडे जाणारा आवाजही वेगळे कार्ड म्हणून दिसू शकतो आणि कधी कधी ० क्रमांक त्यालाच मिळतो. पुढच्या सगळ्या कमांडमध्ये ‘-सी’नंतर आपल्या स्पीकरच्या कार्डाचा क्रमांक द्यायचा असतो. ‘मास्टर’ सापडत नाही असा संदेश आला, तर बहुधा क्रमांक चुकलेला असतो.

पायरी २: सगळ्या खुंट्या पाहणे

अल्सामिक्सर -सी ०

टर्मिनलमध्येच उभ्या पट्ट्यांचे चित्र उघडते. डाव्या-उजव्या बाणांनी खुंटी निवडावी, वर-खाली बाणांनी पातळी बदलावी. पट्टीखाली इंग्रजीत एम हे अक्षर दोनदा दिसले तर ती खुंटी म्यूट आहे. दोन शून्ये दिसली तर उघडी आहे. एम हे बटण दाबले की स्थिती उलटते. एफ४ दाबल्यावर माइकच्या बाजूच्या खुंट्या दिसतात, एफ६ ने कार्ड बदलता येते, एस्केपने बाहेर पडता येते.

पायरी ३: एका ओळीत बदल

एमिक्सर -सी ० गेट मास्टर
एमिक्सर -सी ० सेट मास्टर ७०% अनम्यूट
एमिक्सर -सी ० सेट स्पीकर ७०% अनम्यूट

पहिली ओळ सध्याची स्थिती सांगते. पुढच्या दोन ओळी पातळी ७० टक्के करतात आणि म्यूटही काढतात. आवाज थोडा वाढवायचा असेल तर आकड्यानंतर अधिकचे चिन्ह द्यावे, जसे ५%+, आणि कमी करायचा असेल तर ५%-. पल्सऑडिओच्या ‘पॅक्टल’ या कमांडमध्ये हेच चिन्ह आकड्याच्या आधी येते. एका ठिकाणची सवय दुसरीकडे लावली की हवा तो बदल होत नाही.

अल्सामिक्सर आणि एमिक्सर यांचे टक्के जुळत नाहीत, म्हणून गोंधळून जाऊ नये. अल्सामिक्सर कानाला जाणवणाऱ्या चढ-उताराच्या जवळ जाणारे टक्के दाखवते, तर एमिक्सर चिपमधल्या कच्च्या आकड्यांचे. एमिक्सरला मोठ्या लिपीतले ‘-एम’ जोडले की दोन्हींचे आकडे जुळतात.

हेडफोन काढला तरी स्पीकर गप्प

बऱ्याच संगणकांत हेडफोन लावताच स्पीकर आपोआप बंद होतो. मिक्सरमध्ये या सोयीचे नाव ‘ऑटो-म्यूट मोड’ असते. हेडफोनचे भोक धुळीने किंवा सैल पत्रीमुळे बिघडले, तर हेडफोन अजून लावलेलाच आहे असे चिपला वाटते आणि स्पीकर कायमचा गप्प होतो. अल्सामिक्सरमध्ये या खुंटीवर जाऊन वर-खाली बाणाने ती ‘डिसेबल्ड’ करावी. आवाज परत आला, तर बिघाड त्या भोकापुरताच आहे.

पडदा न पाहता आवाज परत आणणे

डोळसांसाठी बंद आवाज ही गैरसोय असते. पण जे संगणक ऐकून वापरतात, त्यांच्यासाठी आवाज गेला की संगणकच बंद पडतो. लिनक्सवरचा ऑर्का हा पडदावाचक मजकूर वाचून दाखवतो आणि ईस्पीक एनजी या वाचा-प्रणालीत मराठीही आहे. मात्र मिक्सर म्यूट झाला, तर तो कुठे म्यूट झाला हे सांगणारा आवाजही उरत नाही. माउसने चिन्ह शोधण्याचा मार्गही इथे उपयोगाचा नसतो.

कमांड मात्र न पाहता टाइप करता येते. उबुंटूमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबली की टर्मिनल उघडते. त्यात मास्टर अनम्यूट करण्याची वरची ओळ टाइप करून एंटर दाबावे, मग स्पीकर किंवा हेडफोनसाठी तेच करावे. आपल्या कार्डाचा क्रमांक आणि खुंट्यांची नावे आवाज सुरू असतानाच पाठ करून ठेवली, तर ऐन वेळी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

माइकची पातळी

माइकसाठी मुख्य खुंटी ‘कॅप्चर’ असते. तिथे म्यूटऐवजी ‘कॅप’ आणि ‘नोकॅप’ हे शब्द चालतात.

एमिक्सर -सी ० सेट कॅप्चर ६०% कॅप

याशिवाय अनेक संगणकांत ‘माइक बूस्ट’ ही खुंटी असते. २० डेसिबल बूस्ट दिला की माइकमधून येणारा संदेश दहापट होतो, आणि त्याबरोबर पंख्याची घरघरही दहापट होते. म्हणून आधी माइक तोंडाजवळ आणावा, मग कॅप्चर वाढवावे आणि बूस्ट शेवटी वापरावा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात एकाच पाठाला मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन दिले जाते. असे निवेदन घरी ध्वनिमुद्रित करायचे तर पातळी आधी ठरवून घेणे गरजेचे आहे. पातळी जास्त ठेवून फाटलेला आवाज नंतर पुरता दुरुस्त होत नाही.

वीज गेल्यावर सेटिंग का विसरते?

मिक्सरची स्थिती सामान्यतः संगणक नीट बंद करताना एका फाइलमध्ये साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथून परत लावली जाते. यूपीएस नसताना अचानक वीज गेली, तर साठवण्याची वेळच येत नाही. संगणक सुरू झाल्यावर आधीची जुनी स्थिती परत येते आणि काल दुरुस्त केलेला आवाज आज पुन्हा बंद दिसतो. म्हणून मनासारखी पातळी लावून झाली की लगेच ही कमांड द्यावी:

सुडो अल्सासीटीएल स्टोअर

‘स्टोअर’च्या जागी ‘रिस्टोअर’ दिल्यास साठवलेली स्थिती परत लागते. संगणक वर्गात कोणी खुंट्या हलवून ठेवल्या, तर प्रत्येक यंत्रावर ही एक ओळ पुरते.

दुरुस्तीला कधी न्यावे?

मिक्सर उघडा करून झाल्यावर स्पीकर-टेस्ट ही कमांड चालवावी. तिने खरखरीचा आवाज आला आणि गाणे मात्र वाजत नसेल, तर अडचण वरच्या थरात किंवा त्या प्रोग्रॅममध्ये आहे. एप्लेच्या यादीत कार्ड दिसते, सगळ्या खुंट्या उघड्या आहेत आणि तरी काहीच ऐकू येत नाही, तर दुसरा स्पीकर किंवा हेडफोन लावून पाहावा. यादीत एकही कार्ड नसेल, तर बायोसमध्ये ते बंद केलेले नाही ना, हे तपासावे. तेही ठीक असेल, तर यूएसबीला लागणारे साधे साउंड कार्ड जोडून पाहता येते. ते वाजले, तर आवाजासाठी मदरबोर्ड बदलण्याचा खर्च टळतो.