मालमोटारीचें पहिलें तेल

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका आप्तांनीं गेल्या वर्षीं नवी मालमोटार विकत घेतली. तिकडे अशा गाडीस ‘पिकअप ट्रक’ म्हणतात. पहिले हजार मैल पुरे होतांच एका रविवारीं ते अंगांत जुने कपडे चढवून गाडीखालीं शिरले आणि तिच्या यंत्रांतील सर्व तेल त्यांनीं स्वतःच्या हातानें काढून टाकिलें. कारखान्याच्या पुस्तिकेची तशी आज्ञा नव्हती. तिच्या मतें हें तेल आणखी कित्येक हजार मैल चालावयाचें होतें. आम्हीं कारण विचारलें तेव्हां ते म्हणाले, “इकडच्या जुन्या लोकांचा हा रिवाज आहे, शिवाय तेलांतून काय निघतें तें मला पाहावयाचें होतें.” या उत्तरानें आमचें पुरतें समाधान झालें नाहीं. हा रिवाज आला कोठून, हें शोधून काढण्याची इच्छा मात्र झाली.

या शोधांत आमची गांठ प्रथम पडली ती हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ या गाडीशीं. १९०८ च्या आक्टोबरांत ती बाजारांत आली, आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटि गाड्या तयार झाल्या. तिच्या गिऱ्हाइकांत खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. १९१७ मध्यें तिच्याच धर्तीवर एक टन माल वाहणारी ‘मॉडेल टीटी’ ही मालमोटार निघाली. तिचा नुसता सांगाडाच आरंभीं विकत मिळे. किंमत सहाशें डॉलर. हांकणाराची बैठक आणि मालाचा हौदा हीं मालकानें गांवच्या सुताराकडून करवून घ्यावयाचीं, किंवा स्वतःच फळ्या ठोकून उभीं करावयाचीं. गाडीचा अर्धा देह ज्यानें आपल्या अंगणांत घडविला, तो तिच्या पोटांतील तेल बदलण्यासाठीं परक्याचें तोंड पाहील, हें संभवतच नव्हतें.

गाडीबरोबर एक लहानशी पुस्तिका मिळे. ती सर्व प्रश्नोत्तररूप आहे. मालकास यंत्राचें ज्ञान असलेंच पाहिजे असें नाहीं, परंतु तें असणें सर्वथा इष्ट आहे, असा तिच्या प्रस्तावनेचा भाव आहे. पहिल्या तेलाविषयीं ती जें सांगते तें आम्हांस इतकें रोचक वाटलें कीं, तें थोडें विस्तारानें देतों. नवी गाडी चारपांचशें मैल चालली म्हणजे गतिचक्राच्या आवरणाखालील बूच काढून मळकें तेल वाहूं द्यावें. बूच परत लावून तेल घालण्याच्या नळींतून एक गॅलन घासलेट ओतावें. मग यंत्र हातानें पंधरावीस वेळां फिरवावें, म्हणजे घासलेटाचे शिंतोडे उडून आंतील सर्व भाग धुऊन निघतील. नंतर तें घासलेटहि काढून टाकावें. खांचाखोंचांत राहिलेलें निघावें म्हणून गाडी रस्त्याकडेच्या पायठ्याइतक्या उंचीवर चढवून तिरकी करावी. शेवटीं ताजें तेल भरावें. पुढें हाच विधि सुमारें दर हजार मैलांनीं. निरनिराळ्या वर्षींच्या आवृत्त्यांत आंकडे थोडेफार बदलतात, परंतु रीत हीच. कर्ज काढून गाडी घेतलेल्या शेतकऱ्यास घासलेटाच्या डब्याखेरीज आणि पान्याखेरीज यासाठीं कांहीं लागत नसे.

एवढी उठाठेव कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर त्या यंत्राच्या रचनेंत आहे. मॉडेल टीच्या यंत्रांत तेल खेळविणारा पंप नव्हता. गतिचक्र तेलांत बुडून फिरे आणि त्यावरील लोहचुंबकांच्या योगें तेल उडवी. त्यांतील कांहीं एका नरसाळ्यांत पडून नळीनें यंत्राच्या पुढील टोंकास जाई आणि तेथून तळाच्या चरांत भरत मागें येई. त्या चरांत यंत्राचे दांडे बुडून निघत. गाडीचा वेग बदलणारे पट्टेहि याच तेलांत भिजत, आणि पट्टे कापसाचे असल्यामुळें त्यांचे तंतु सुटून ती अरुंद नळी बुजण्याचें भय असे. तेल किती आहे हें पाहण्यास आजच्यासारखी सळई नव्हती. आवरणास एकावर एक अशा दोन तोट्या होत्या. वरचींतून तेल आलें तर फार झालें, खालचींतूनहि न आलें तर घात झाला, हें मालकानें गाडीखालीं हात घालून पाहावयाचें.

अशा यंत्रांत नवेपणीं जें तेल असे, त्याचें काम धातूचें बाळंतपण करण्याचें होतें असें म्हटल्यास चालेल. कितीहि घोटलेला धातु सूक्ष्मदर्शकाखालीं डोंगराळ प्रदेशासारखा दिसतो. नवे भाग एकमेकांवर घासूं लागले म्हणजे त्यांचीं शिखरें झिजतात, आणि तो चुरा तेलांत उतरतो. यंत्राचा ठोकळा वाळूच्या साच्यांत ओतला जात असल्यामुळें एखादा कण मागें राहिला असेल तर तोहि तेथेंच येतो. तेल गाळण्याचें साधन त्या गाडींत नव्हतें. म्हणून चुरा बाहेर काढावयाचा तर तेलच बाहेर काढावें लागे. पहिलें तेल लवकर टाकण्याचा रिवाज जन्मला तो येथें, आणि त्या काळीं तो पूर्णपणें यथार्थ होता असें आम्हांस वाटतें.

आमच्या देशांत या विद्येची गति निराळी झाली. १९२८ मध्यें जनरल मोटर्सनें मुंबईस सुट्या भागांतून गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, आणि १९४४ मध्यें वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईंतच स्थापिली. गाडी आली, मालक झाले; पण तेलाचा डबा राहिला तो ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या हातीं. नव्या गाडीच्या मागें ‘रनिंग इन’ अशी पाटी लावून तीस सावकाश हांकण्याची विलायती चाल आम्हीं उचलली. पाटीचा अर्थ मात्र पोटांत तेल भरणाऱ्या त्या पोरासच ठाऊक. त्याची ती विद्या कोणत्याहि पुस्तिकेंत उतरली नाहीं. हातास काळें लागूं न देण्याची आमच्या सुशिक्षित घरांची जी ओढ आहे, तिचाहि यांत वांटा आहे हें कबूल केलें पाहिजे.

अमेरिकेंत मालकाचें हें काम हळूहळू कमी होत गेलें, आणि तें कमी करणाऱ्या बहुतेक गोष्टी चांगल्याच होत्या. १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’ गाडींत पंप होता, तरी तीहि दर पांचशें मैलांनीं तेल मागे. अर्नेस्ट स्वीटलँड यांनीं १९२३ च्या सुमारास ‘प्युरोलेटर’ या नांवाचें तेल गाळण्याचें साधन काढलें, आणि १९२४ च्या क्रायस्लर गाडींत तेल गाळण्याची सोय आली. पुढें मळ धरून ठेवणारीं द्रव्यें तेलांत मिसळूं लागले. अशा तेलानें मळ तळाशीं बसूं न देतां आपल्यांतच वागविला, म्हणून तें काळें दिसतें. त्या काळेपणास लोक उगीच भितात. घडणहि इतकी सूक्ष्म झाली कीं, आज कित्येक कारखाने पहिल्या तेलासाठीं निराळी मुदत सांगतच नाहींत. कांहीं तर तें मुदतीआधीं काढूं नका, असें बजावतात.

मग तेल बदलण्यास दुकान आहे, दुकानांत यंत्रें आहेत, मालकानें पैसे मोजावे आणि बांकावर बसून राहावें. यांत बिघडलें काय? आमच्या मतें बिघडलें तें भयानें. नवी गाडी घेणारास वाटूं लागलें कीं, आपण बुचास हात लाविला तर कारखान्याची हमी बुडेल; आणि कित्येक विक्रेत्यांनीं हें भय दूर करण्याची घाई केली नाहीं. वस्तुतः अमेरिकेच्या काँग्रेसनें १९७५ मध्यें मॅग्नसन–मॉस या नांवानें ओळखला जाणारा हमीचा कायदा केला. कारखाना काम फुकट करून देत नसेल, तर अमुकच दुकानाकडून किंवा अमुकच छापाच्या मालानें देखभाल केली पाहिजे अशी अट हमीस जोडतां येत नाहीं, असा त्याचा सर्वसाधारण आशय आहे. म्हणून जो मालक योग्य जातीचें तेल घालतो आणि पावत्या जपून ठेवतो, त्याचा हक्क शाबूत राहतो. साठ वर्षांपूर्वीं जें पुस्तिका आपण होऊन शिकवीत होती, तें करण्याची मोकळीक कायद्यानें राखावी लागली.

परंतु जुन्या मालकाची स्तुति करतांना त्याचा एक दोष झांकून ठेवणें बरें नव्हे. काढलेलें तेल तो करी काय? कुंपणाच्या खांबांस फांसी, धूळ बसावी म्हणून रस्त्यावर ओती, किंवा मातींत जिरवी. ‘पॉप्युलर सायन्स’ या प्रतिष्ठित मासिकानें १९६३ मध्यें वाचकांस सल्ला दिला तो असा कीं, अंगणांत खड्डा खणून त्यांत बारीक खडी भरावी आणि वापरलेलें तेल तींत ओतावें. हें वाचून आम्ही थक्क झालों. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं मिसूरी राज्यांतील टाइम्स बीच या गांवीं धूळ मारण्यासाठीं रस्त्यांवर टाकाऊ तेल शिंपडण्यांत आलें. त्यांत डायॉक्सिन हें विष मिसळलेलें होतें. १९८३ मध्यें सरकारनें सर्व गांव विकत घेऊन रहिवाशांस दुसरीकडे पाठविलें. दोष तेलापेक्षां त्यांत मिसळलेल्या रासायनिक मळीचा होता हें खरें. पण तेल मातींत गेलें म्हणजे नाहींसें झालें, हा जो समज होता, तो त्या गांवाबरोबरच गेला. आज तिकडे सुट्या भागांचीं पुष्कळ दुकानें जुनें तेल परत घेतात.

आमच्या आप्तांनीं तेंच केलें. पण त्यापूर्वीं त्यांनीं पसरट भांड्यांत निघालेलें तें सातएक लिटर तेल उन्हांत नेऊन पाहिलें. त्यावर चंदेरी झांक हालत होती. त्यांतील थोडें एका बाटलींत भरून त्यांनीं प्रयोगशाळेकडे धाडलें. वापरलेल्या तेलावरून यंत्राची प्रकृति ओळखण्याची ही पद्धति दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील रेल्वेच्या लोकांनीं आगगाडीच्या यंत्रांसाठीं चालू केली होती. उत्तर आलें तें असें कीं, तांबें आणि सिलिकॉन नेहमीपेक्षां अधिक आहेत, नव्या यंत्रांत असेंच असतें, काळजी नसावी. तो कागद, तेलाची पावती आणि मैलांचा आंकडा लिहिलेली वही त्यांनीं एका पाकिटांत घालून गाडीच्या खणांत ठेवली आहे. परवांच्या पत्रांत त्यांनीं विचारलें होतें कीं, दुसऱ्या वेळीं त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीस गाडीखालीं येऊं द्यावें कीं काय. आम्हीं उलट टपालीं कळविलें कीं, बूच तिच्याकडूनच काढवून घ्या. मात्र यंत्र थोडें निवूं द्या.