सिंहासनाभोवतीची माणसे

राजेशाही म्हणजे एका माणसाच्या मर्जीने चाललेला कारभार, अशी समजूत घेऊन पुष्कळ वाचक या विषयाकडे येतात. त्यात त्यांचा दोष नाही. पोवाड्यापासून चित्रपटापर्यंत राजा आपल्यापुढे येतो तो बहुधा एकटाच, घोड्यावर किंवा सिंहासनावर. त्याच्या मागे उभे असलेले कारकून, न्यायाधीश, वतनदार, सावकार आणि रयत चौकटीबाहेर राहतात. राजेशाही ही राज्यपद्धती म्हणून समजून घ्यायची, तर नजर आधी या माणसांकडे वळवावी लागते. मराठी वाचकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. या विषयाची उत्तम साधने त्याच्या स्वतःच्या भाषेत आहेत, आणि याचा अभिमान वाटावा इतकी ती समृद्ध आहेत.

सुरुवात कुठून करावी? 1674चा रायगडावरचा राज्याभिषेक सर्वांना ठाऊक आहे; माझ्या मते मात्र नव्या वाचकाने 1689पासून आरंभ करावा. त्या वर्षी संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि राजाराम महाराज जिंजीला निघून गेले. राजा तमिळ मुलुखात आणि औरंगजेबाच्या फौजा महाराष्ट्रात, अशी स्थिती काही वर्षे टिकली. तरीही राज्य मोडले नाही. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब आणि व्यापक अधिकार देऊन इकडचा कारभार सोपवला गेला. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर, 1700पासून, ताराबाईंनी अल्पवयीन मुलाच्या नावाने लढा चालू ठेवला. राजाची व्यक्ती आणि राजाचा अधिकार या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे या काळाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. सिंहासन दूर होते, पण त्याच्या नावाने निघालेली सनद मानणारी माणसे जागेवर होती.

याच रामचंद्रपंतांचे ‘आज्ञापत्र’ 1715च्या सुमाराचे. तुम्ही या क्षेत्रातले एकच पुस्तक वाचणार असाल, तर ते हे असावे. राजाने सेवक कसे निवडावेत, किल्ल्यांची व्यवस्था कशी ठेवावी, सावकारांना का जपावे, टोपीकरांपासून, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांपासून, सावध का राहावे, हे सगळे तिथे हयातभर राज्य चालवलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगितले आहे. आरमारासाठी लाकूड लागले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा त्यातला विचार प्रसिद्धच आहे. वाचकांनी त्याच्या जोडीने वतनदारांवरचा भागही सावकाश वाचावा. वतनदार हे आपापल्या जागी छोटे राजेच आहेत, त्यांना फार वाढू देऊ नये आणि फार दुखवूही नये, असे अमात्य बजावतात. राजाची सत्ता गावापर्यंत पोचता पोचता किती हातांतून जात असे आणि किती ठिकाणी अडत असे, हे इथे कळते.

म्हणून कोणत्याही राजेशाहीकडे जाताना मी एक प्रश्न हाताशी ठेवायला सांगेन: या राजाला ‘नाही’ कोण म्हणू शकत होते? अष्टप्रधान वेतनावर नेमलेले असताना याचे उत्तर एक येते. शाहू महाराजांच्या काळात तीच पदे वंशपरंपरेने चालू लागली, तेव्हा ते बदलते. पुढे शाहू महाराजांच्याच साताऱ्याच्या गादीचे उत्तर फार कडू आहे. 1839 साली प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी पदच्युत केले आणि 1848मध्ये, दत्तक वारस नामंजूर करून, राज्यच खालसा केले. संपूर्ण व्यवस्था एका वारसावर टांगलेली असणे हा राजेशाहीचा मोठा दोष आहे. तिच्याविषयी आपुलकी बाळगणाऱ्यानेही तो झाकू नये.

पुढच्या संस्थानी काळाकडे मात्र आपण फार कमी लक्ष दिले. इंग्रजांच्या देखरेखीखाली परराष्ट्र धोरण आणि युद्ध हे विषय राजाच्या हातून गेले. उरली ती प्रजा, शाळा, तलाव आणि नोकऱ्या. या अपुऱ्या सत्तेतून बडोद्याच्या सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. विधिमंडळातल्या बहुमताची वाट पाहावी लागली असती, तर हा हुकूम तेव्हा निघाला असता का, हा प्रश्न लोकशाहीवर निष्ठा असलेल्या वाचकाला अस्वस्थ करतो. ती अस्वस्थता टाळू नका. तिच्यातूनच अभ्यास पुढे सरकतो. चांगल्या राजानंतर कोण, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

त्या प्रश्नाला एका राजाने स्वतःच उत्तर दिले. बहात्तर गावांच्या औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 साली आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी गांधीजींचे मार्गदर्शन घेतले होते. गावाची निवडलेली पंचायत, तिच्या आधारावर तालुका आणि त्यावर विधिमंडळ, अशी तिची रचना होती. 1948मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रयोगाला पुरती दहा वर्षेही मिळाली नाहीत. तरीही राजेशाहीच्या शेवटाचा इतका शांत आणि विचारपूर्वक आराखडा अभ्यासकाला सहसा सापडत नाही.

या वाटेने जाताना जुन्या कागदपत्रांची मोडी लिपी येत नसेल तर सुरुवातीला अडणार नाही. ‘आज्ञापत्रा’च्या देवनागरी आवृत्त्या उपलब्ध आहेत, आणि पुष्कळ पत्रव्यवहारही छापून झाला आहे. मात्र गोडी लागली, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पेशवे दफ्तरात अवश्य जा. तिथे राजाचे पत्र मिळाले की त्यावरच थांबू नका. त्याच प्रकरणात एखाद्या पाटलाने, कुळकर्ण्याने किंवा विधवेने केलेला अर्जही शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.