कारंज्याच्या पोथ्या आणि शाळा

मी कारंजा लाडला शिक्षकी केली. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून आमचं गाव सारे ओळखतात. पण ते विद्येचंही गाव आहे, हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.

इथे बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या जैन परंपरांची तीन जुनी मंदिरं आहेत. भट्टारकांच्या, म्हणजे जैन मठाधिपतींच्या, काळात मंदिर हीच पाठशाळा होती. शिष्य गुरूंजवळ व्याकरण शिकत, पोथ्या उतरवून घेत. पोथीचं शेवटचं पान मला फार मोलाचं वाटतं. प्रत कुणी लिहिली, कुणासाठी, कोणत्या संवतात, हे तिथे अनेकदा नोंदलेलं असतं. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून वर नीट अक्षर काढलेलं दिसतं. शिकणं किती कसोशीचं होतं, ते यातून कळतं.

याच मंदिरांच्या पोथीभांडारांतल्या अपभ्रंश काव्यांमुळे कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. 1931 मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ संपादित केलं. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ छापून आणली. मराठीच्या पूर्वज भाषांचा अभ्यास करणाऱ्यांना ही मोठीच शिदोरी मिळाली.

त्याआधीच, 1918 मध्ये, ब्रह्मचारी देवचंदांनी गावात महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल काढलं होतं. हे देवचंदच पुढे आचार्य समंतभद्र झाले.

आमचं गाव ज्यात आहे तो वाशीम जिल्हा 1998 साली झाला. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेनं मुलांना एकदा तरी जुनी पोथी दाखवावी, तिचं शेवटचं पान वाचून घ्यावं. आपल्या मातीतली विद्या मुलांना अशीच आपली वाटेल.