पीएस : ऑप्शनवाचनातील विसंगती

युनिक्स व लिनक्स या कार्यप्रणालींत चालू प्रोसेसांची यादी देणारी 'पीएस' ही कमांड अत्यंत जुनी असून, तिच्यापुढील अक्षरांचा अर्थ त्यांच्यामागे आडवी रेघ आहे की नाही यावरून बदलतो. एटी अँड टीच्या सिस्टिम व्ही शाखेने रेघेसह ऑप्शन रूढ केले, तर बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी शाखेत बिनरेघी अक्षरे कायम राहिली. पुढे ग्नू परंपरेने दुहेरी रेघेचे दीर्घ शब्द आणले. लिनक्सवरील 'पीएस' मूळ ब्रँको लँकेस्टर यांची; मायकेल जॉन्सन यांच्या फेरलेखनानंतर अल्बर्ट काहालन यांनी ती पुन्हा लिहून या साऱ्या पद्धती एकाच कमांडीत सामावून घेतल्या.

निजामी अमलातील परभणीत 7 हाली (निजामी) रुपये 6 कलदार (ब्रिटिश) रुपयांच्या बरोबरीचे असल्याने, दस्तऐवजात नाण्याची जात न लिहिता नुसता आकडा मांडणे जसे तंट्याला निमंत्रण ठरे, तसेच येथे रेघ गाळणे किंवा नको तेथे घालणे होय. 'पीएस एयूएक्स' म्हटले की सर्व वापरकर्त्यांच्या प्रोसेस, टर्मिनलशी न जोडलेल्यांसह, सविस्तर दिसतात. परंतु 'पीएस -एयूएक्स' याचा पॉझिक्स मानकानुसार अर्थ असा, की '-ए'ने निवडलेल्या प्रोसेसांबरोबर 'एक्स' नावाच्या वापरकर्त्याच्या प्रोसेस दाखवाव्यात. असा वापरकर्ता नसल्यास लिनक्सवरील 'पीएस' जुन्या सवयींची कदर करून पहिलाच अर्थ घेऊ शकते. ही सवलत हितावह नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण चूक वर्षानुवर्षे उजेडात येत नाही आणि 'एक्स' नावाचे खाते उघडताच फेरिस्त निराळी होते. '-ई' सर्व प्रोसेस निवडते, तर रेघेविना 'ई' प्रोसेसचे परिसरचल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) दाखवते, म्हणजे येथे अर्थाचे साम्य नावालाही नाही.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा नव्हे. देशातील जिल्हा न्यायालयांसाठी ई-न्यायालय प्रकल्पात उबंटू ही लिनक्स प्रणाली स्वीकारली गेली, परभणीचे जिल्हा न्यायालयही त्या प्रकल्पात आहे, आणि उबंटूत हीच 'पीएस' असते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी आपल्या स्क्रिप्टांत '-एयूएक्स'सारखे मिश्र रूप टाळून 'पीएस -ईएफ' असे रेघेसह लिहावे.