मक्याचा ढीग आणि शिंगांचे माप : अमेरिकेतील हरणांच्या शिकारीचा एक जुना वाद

थ्रेड. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२० नोव्हेंबर १९१४. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या वायव्य कोपऱ्यात डॅनबरी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे यलो नदीच्या काठाने, ताज्या बर्फात उमटलेल्या खुरांचा माग काढीत, जेम्स जॉर्डन हा बावीस वर्षांचा तरुण चालला होता. हातात लहान गोळीची साधी रायफल. अखेरीस त्याने एक मोठा नर पाडला. पांढऱ्या शेपटीचे हे हरीण, ज्याला तिकडे व्हाइटटेल म्हणतात, अमेरिकेच्या शिकारीच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध हरीण ठरणार होते. त्या दिवशी मात्र ते केवळ हिवाळ्याच्या बेगमीचे मांस होते.

शिंगे विलक्षण होती, म्हणून जॉर्डनने मुंडके पेंढा भरण्यासाठी जवळच्या एका कारागिराकडे दिले. कारागीर गाव सोडून शेजारच्या मिनेसोटा राज्यात गेला आणि मुंडकेही त्याच्याबरोबर गेले. जॉर्डनच्या हाती काही परत आले नाही. सुमारे चार दशकांनी, मिनेसोटातील सँडस्टोन गावी जुन्या सामानाच्या विक्रीत, एका गृहस्थाने ते जीर्ण मुंडके तीन डॉलरला विकत घेतले. १९६४ मध्ये त्याचे रीतसर माप निघाले, आणि पुढे अधिकृत आकडा ठरला २०६ पूर्णांक १/८ इंच. सममित शिंगांच्या व्हाइटटेलमध्ये जगातला विक्रम! नोंदवहीत शिकाऱ्याच्या नावापुढे मात्र ‘अज्ञात’ असेच राहिले. हे हरीण आपणच मारले, हे म्हातारा जॉर्डन वर्षानुवर्षे सांगत राहिला. डिसेंबर १९७८ मध्ये त्याचा दावा मान्य झाला. त्याच्या दोनच महिने आधी, ८६ व्या वर्षी, तो वारला होता.

ही गोष्ट बहुधा नशिबाची चेष्टा म्हणून सांगितली जाते. मला तीत वेगळेच काही दिसते. ज्या संस्थेच्या वहीत हा विक्रम नोंदला गेला, ती संस्था जनावर *कसे* मारले या एका प्रश्नावर उभी होती. आणि तिच्या वहीतला सर्वोच्च आकडा कित्येक वर्षे असा होता की, ते जनावर कोणी मारले, कसे मारले, आमिष टाकून की माग काढून, हे कोणालाही ठाऊक नव्हते. शिंगावरून वय, आहार, वंश यांचा काही अंदाज बांधता येतो. शिकारीची रीत त्यावर उमटत नाही.

ही संस्था म्हणजे बून अँड क्रॉकेट क्लब. डिसेंबर १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये काही मित्रांना जेवावयास बोलावले आणि त्यातून ती उभी राहिली. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकाचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल हे तिचे दुसरे आधारस्तंभ. सदस्यत्वासाठी मोठा वन्यप्राणी ‘फेअर चेस’ पद्धतीने मारलेला असावा, अशी अट होती. ‘न्याय्य पाठलाग’ हे त्याचे मराठी रूप अपुरे आहे, पण तूर्त चालवून घेऊ. काय न्याय्य नाही, याची यादी क्लबच्या घटनेत आली : सापळ्यात धरून मारणे, रात्री उजेड दाखवून मारणे, खोल बर्फात रुतलेल्या हरणाला गाठणे, पोहत असलेल्या जनावराला नावेतून मारणे.

यादी पुन्हा वाचावी. तीत आमिष नाही.

ते का नाही, हे समजण्यासाठी यादीतले बाकीचे प्रकार कोणाचे होते, हे पाहावे लागते. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील ॲडिराँडॅक डोंगरांत कुत्रे सोडून हरणांना तळ्यात उतरवीत आणि नावेतून त्यांना गाठीत. विन्स्लो होमर या चित्रकाराचे १८९२ चे ‘हाउंड अँड हंटर’ हे चित्र याच प्रकाराचे आहे : पाण्यातले हरीण, नावेत आडवा होऊन त्याची शिंगे धरणारा मुलगा, आणि पोहत येणारा कुत्रा. रात्री नावेच्या टोकाला दिवा लावून काठावरच्या हरणाचे डोळे चमकले की बार काढण्याचीही रीत होती. शहरातून येणारे धनिक पाहुणे हे दोन्ही प्रकार करीत, आणि त्यांना वाट दाखवणारे डोंगरातले गरीब लोकही करीत. १८९७ मध्ये राज्याने दोन्हींवर बंदी घातली. पाहुण्यांसाठी ती खेळाच्या नियमांतली सुधारणा होती. ज्यांचा हिवाळा त्या मांसावर निघे, त्यांच्या दृष्टीने तो गुन्ह्यांच्या यादीत पडलेला एक नवा गुन्हा होता. पोटासाठी मारणाऱ्याला त्या काळच्या क्रीडासाहित्यात ‘पॉट-हंटर’ म्हणत, आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जाई.

उजेडाच्या शिकारीला तर याहून जुना इतिहास आहे. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला ‘लॅक द्यू फ्लाँबो’ नावाची ओजिब्वे लोकांची वस्ती आहे. या फ्रेंच नावाचा अर्थ मशालींचे तळे. रात्री मशाली लावून मासे मारणारे ओजिब्वे पाहून फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते दिले. ज्या रीतीवरून एका गावाला नाव पडले, तीच रीत पुढे हरणांच्या बाबतीत असभ्यतेची खूण ठरली. (आपल्याकडचा इतिहास वाचणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. मध्य प्रांतात रेडकू बांधून मचाणावर वाघाची वाट पाहणे ही साहेबांची मान्य शिकार होती. गावकऱ्यांचे फास आणि जाळी मात्र चोरटी शिकार ठरत.)

तरीही या नियमांना केवळ वर्गीय ढोंग म्हणून निकालात काढता येत नाही. एकोणिसाव्या शतकात हरणांचे मांस आणि कातडी रेल्वेने शहरांच्या बाजारात जात होती, आणि १९०० च्या सुमारास साऱ्या देशात व्हाइटटेल जेमतेम पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली असावीत, असा अंदाज केला जातो. त्या वर्षीच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या वन्यप्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला. क्लबच्या मंडळींनी अशा कायद्यांसाठी खटपट केली. त्यांचा अहंकार आणि त्यांचे कार्य, दोन्ही खरे आहे.

अहंकाराचे माप मात्र लौकरच इंचांत होऊ लागले. प्राणिसंग्राहक विल्यम हॉर्नडे यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात शिंगे आणि मुंडक्यांचे राष्ट्रीय संग्रहालय उभारले. १९२२ मध्ये ते खुले झाले आणि जगातील लुप्त होत चाललेल्या मोठ्या प्राण्यांच्या स्मृतीस ते अर्पण केलेले होते. थोडक्यात, ते एक स्मारक होते. १९३२ मध्ये क्लबचे पहिले नोंदपुस्तक निघाले, १९५० मध्ये आजची मोजणीपद्धत ठरली. शिंगे साठ दिवस वाळवायची. मग मुख्य दांड्याची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी, ठरावीक जागी घेर, दोन दांड्यांमधले अंतर, सारे एका इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायचे. डावी-उजवी बाजू जुळत नसेल तेवढे गुण वजा. सममित शिंगांना कायमच्या नोंदीसाठी किमान १७० गुण लागतात.

आणि येथे एक चमत्कारिक उलथापालथ झाली. कायद्यांमुळे आणि बदललेल्या शेतीमुळे हरणे परतली, इतकी की आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. स्मृतिस्थळासाठी घडवलेली मोजपट्टी आता स्पर्धेची झाली. १७० ची शिंगे यायला नर पाच-सहा वर्षे जगावा लागतो, चांगला खावा लागतो, आणि एवढे जगलेला नर दिवसा सहसा उघड्यावर येत नाही. त्याला बाहेर काढायचे कसे? मक्याने.

आमिषाचा प्रश्न अमेरिकी कायद्यापुढे आधी आला तो हरणांमुळे नव्हे, बदकांमुळे. दुष्काळाने तळी आटली असताना १९३५ मध्ये केंद्र सरकारने पाणपक्ष्यांसाठी दाणे टाकण्यावर आणि जिवंत बदके बांधून इतरांना भुलवण्यावर बंदी घातली. त्या नियमांतला एक भेद आजही हरणांच्या वादाच्या मुळाशी आहे. उभ्या पिकावर उतरलेले पक्षी मारता येतात. पोत्यातून ओतलेल्या त्याच धान्यावर आलेले मारता येत नाहीत.

हरणांबाबत निर्णय राज्यांचा, त्यामुळे चित्र विस्कळीत आहे. टेक्सासमध्ये जवळपास सारी जमीन खासगी, आणि ठरल्या वेळी मका उधळणारी यंत्रे तेथे शिकारीचा नेहमीचा भाग. मिशिगनमध्ये शरद ऋतूत पेट्रोल पंपांवर हरणांसाठी गाजरे आणि शर्कराबीट पोत्यांनी विकत. बऱ्याच राज्यांत मक्याचा ढीग गुन्हा आहे, पण खास हरणांसाठी पेरलेला क्लोव्हरचा तुकडा, ज्याला ‘फूड प्लॉट’ म्हणतात, गुन्हा नाही.

आमिषाचे समर्थक नेमके येथेच बोट ठेवतात, आणि मला त्यांचे म्हणणे सहज झटकता येत नाही. ज्याच्याकडे शंभर एकर आणि ट्रॅक्टर आहे, तो आमिष *पेरतो* आणि प्रतिष्ठित राहतो. ज्याच्याकडे झाडीतले पाच एकर आहेत, तो दोन बादल्या मका ओततो आणि दोषी ठरतो. म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाने माग काढीत मैलोन्‌मैल चालावे, ही अपेक्षा कोणाची? शिवाय डोके खाली घालून खाणारे हरीण जवळ उभे असते. गोळी नीट बसते, जखमी होऊन रानात जाऊन मरत नाही.

विरोधकांचे उत्तर नुसते ‘हे मर्दानी नाही’ एवढेच नाही. ढीग टाकला की हरणे रात्री येऊ लागतात, शेजाऱ्याच्या रानातून ओढली जातात, मग शेजारीही ढीग टाकतो. सरकारी जंगलात ढीग टाकणारा ती जागा आपली समजू लागतो. शिकाऱ्याने जनावराची वाट ओळखण्याऐवजी जनावरच शिकाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे चालू लागते. ऑल्डो लिओपोल्ड, जे विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवीत आणि स्वतः धनुष्याने शिकार करीत, त्यांनी म्हटले होते की रानात शिकाऱ्याला पाहणारा प्रेक्षकवर्ग नसतो, म्हणून त्याची नीती त्याच्या स्वतःच्या विवेकावरच तोलली जाते. जुन्या मंडळींचा सारा भार या एका विचारावर होता.

मग प्रेक्षक आला. तो माणूस नव्हता, रोग होता.

१९९० च्या दशकात मिशिगनच्या ईशान्य भागात रानातल्या हरणांत गुरांचा क्षयरोग पसरलेला आढळला. तेथील खासगी शिकार क्लब हिवाळ्यात मालमोटारींनी खाद्य ओतीत. एकाच ढिगावर तोंडे घालणाऱ्या हरणांत रोग टिकून राहिला, आणि तेथून गुरांपर्यंत पोहोचला. २००० मध्ये मिशिगनने गुरांच्या बाबतीतला ‘क्षयमुक्त’ दर्जा गमावला. दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याला आता शेजाऱ्याच्या शिकारीच्या रीतीशी देणेघेणे निर्माण झाले.

त्याहून भीषण तो सीडब्ल्यूडी, हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग. १९६७ मध्ये कोलोराडोतील एका संशोधनकेंद्रात तो प्रथम लक्षात आला. त्याचे कारण जंतू नव्हे, तर बिघडलेली प्रथिने, म्हणजे प्रायॉन. ती लाळेतून, मलमूत्रातून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. उपचार नाही, लस नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये असा सल्ला दिला जातो. फेब्रुवारी २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या माउंट होरेब गावाजवळच्या तीन हरणांत तो सापडला आणि राज्याने आमिष व खाद्य यांवर सर्वत्र बंदी आणली. पुढे ती बाधित भागांपुरती राहिली. मिशिगनमध्ये २००८ ला कुंपणातील एका हरणात रोग सापडला, तेव्हा दक्षिण द्वीपकल्पात बंदी आली. २०११ ला ती उठली. २०१५ ला रोग रानात सापडला. २०१९ ला बंदी परत आली. विधिमंडळाने ती उठवणारे विधेयक मंजूर केले आणि राज्यपाल ग्रेचेन व्हिटमर यांनी नकाराधिकार वापरला. गाजरे पिकवणारे, दुकानदार, शिकारी, पशुवैद्य असे सगळेच त्या भांडणात होते. ‘फेअर चेस’ हा शब्द त्यात फारसा कोणाच्या कामी आला नाही.

एक शेवटचा धागा राहिला. जॉर्डनने जेथे तो नर मारला, तो प्रदेश ओजिब्वेंनी १८३७ च्या कराराने सोडला, पण तेथे शिकार करण्याचा हक्क राखून ठेवला होता. रात्री उजेड दाखवून हरीण मारण्यास राज्याने त्यांना सुरक्षिततेच्या कारणाने मनाई केली होती, आणि १९९१ मध्ये न्यायालयानेही ती मानली. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने प्रश्न पुन्हा उघडला. तेव्हा एक गोष्ट राज्याला अडचणीची ठरली : सीडब्ल्यूडी रोखण्यासाठी राज्य स्वतःच रात्री हरणे मारवून घेत होते. २०१५ मध्ये ओजिब्वेंना परवानगी मिळाली.

मक्याच्या ढिगाचा निकाल असा एकदाच लागलेला नाही. विस्कॉन्सिनच्या सध्याच्या कायद्यानुसार एखाद्या काउंटीत बाधित हरीण सापडले की तेथे आमिषाला तीन वर्षे बंदी, आणि ते सीमेच्या दहा मैलांच्या आत असेल तर शेजारच्या काउंटीत दोन वर्षे. त्या मुदतीत नवे बाधित हरीण सापडले नाही, तर बंदी आपोआप संपते आणि दोन गॅलनपर्यंत मका पुन्हा ओतता येतो.