शिवाजी पार्कची एक प्रदक्षिणा

स्मरणिकेसाठी इतिहासाचे काहीतरी लिहून द्या, असे संपादिका भगिनींनी सांगितले तेव्हा प्रथम मनात रायगड आला, मग पुण्याचा शनिवारवाडा आला. पण ज्या जागेला आपण मंडळाच्या बायका आठवड्यातून चार वेळा फेरी मारतो, तिचाच इतिहास आपल्याला किती ठाऊक आहे? म्हणून ठरविले, की या खेपेस दादरच्या शिवाजी पार्कलाच शब्दांनी एक प्रदक्षिणा घालावी.

ही फेरी कोणालाही झेपेल अशी आहे. मैदान सुमारे २८ एकरांचे. त्याच्या कडेने जो बसका कट्टा गेला आहे, तो धरून चालले की एक किलोमीटरहून थोडे अधिक अंतर होते. चढ नाही, उतार नाही. गुडघे दुखले तर बसायला कट्टा आहेच. वाटेत बोलत गेले तरी वीस मिनिटांत पहिल्या जागी परत. (न बोलता चालणाऱ्या भगिनी आमच्या मंडळात नाहीत, त्यामुळे त्यांना किती वेळ लागतो ते सांगता येत नाही.)

आम्ही आरंभ करतो तो समुद्राच्या बाजूने, उद्यान गणेशाला नमस्कार करून. समोरचा रस्ता पूर्वी कॅडेल रोड होता, आज तो स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग आहे. सावरकरांचे राहते घर याच परिसरात. त्यांच्या नावाचे राष्ट्रीय स्मारक या रस्त्यावर १९८९ साली उभे राहिले.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा सारा भाग माहीमच्या हद्दीतला, नारळाच्या वाड्यांचा आणि शेतांचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्तीत माणसे पटापट मेली, आणि सरकारचे डोळे उघडले. १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या हवेच्या, आखलेल्या वसाहती करण्याचे काम सुरू झाले. नगरपालिकेने हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले केले. भोवतालच्या गोल सज्जांच्या इमारती बहुतेक त्यानंतरच्या, १९३० ते १९५० च्या दरम्यानच्या.

तेव्हा मैदानाचे नाव होते ‘माहीम पार्क’. शिवाजी पार्क हे नाव मिळाले १९२७ साली. शिवजन्माची त्रिशताब्दी म्हणून ते वर्ष निवडले गेले. आज आपण १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख मानतो. मग १९२७ कसे, असा प्रश्न चौकस वाचकास पडेल. त्या काळी शके १५४९, म्हणजे सन १६२७, हेच जन्मवर्ष रूढ होते. जेधे शकावलीतला १६३० चा दाखला प्रसिद्ध झाला होता, पण लोकांच्या अंगवळणी पडायचा होता.

हे नाव द्यावे असा आग्रह धरणाऱ्या सभासद कोण होत्या? आमच्या फेरीत एके दिवशी मी हा प्रश्न टाकला. कोणी टिळकांचे नाव घेतले, कोणी अत्र्यांचे. बाई असेल असे एकीच्याही मनात आले नाही. खरे सांगायचे तर, मलाही ते वाचूनच कळले. त्यांचे नाव अवंतिकाबाई गोखले.

१८८२ साली जन्मलेल्या या बाई १९१७ मध्ये गांधीजींच्या हाकेसरशी मुंबईहून थेट बिहारात, चंपारणला गेल्या, खेड्यातल्या मुलांना शिकवायला. हिंदी धड येत नाही, शिकवायचे कसे, अशी धास्ती तिथे गेलेल्यांपैकी काहींना होती. व्याकरण राहू द्या, स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा, असे गांधीजींनी सांगितले. पुढे अवंतिकाबाईंची शाळा आदर्श ठरली, असा निर्वाळा गांधीजींनी आपल्या आत्मकथेत दिला आहे. परत आल्यावर १९१८ साली त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले. त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज काढला. म्हणजे आपल्या मंडळाच्या त्या थोरल्या पणजीबाईच म्हणायच्या. मुंबईच्या नगरपालिकेत बसणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्या होत्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासह त्या चौपाटीवर मीठ करायला पुढे झाल्या. १९४९ साली त्या निवर्तल्या.

असो, पाय थांबले, पुढे चला.

आता केळुसकर मार्ग. हे नाव वाचले की शिवचरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर आठवतात. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा याच केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. आणि मैदानापासून थोड्याच अंतरावर, समुद्रकाठी, चैत्यभूमी आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर तेथे अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला गावोगावची माणसे येतात, या मैदानात मुक्काम करतात आणि जाताना पुस्तके विकत घेऊन जातात. डोक्यावर बोचके आणि हातात पुस्तक घेतलेल्या बाया मी स्वतः पाहिल्या आहेत.

महाराजांचा अश्वारूढ पुतळा लोकवर्गणीतून १९६६ साली उभा राहिला. हातात उगारलेली तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. मला तो फार आवडतो. क्रिकेटचे काय सांगावे! रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर येथे घडला, आणि सरांचे स्मारक डिसेंबर २०२४ मध्ये मैदानाच्या पाचव्या प्रवेशद्वारापाशी झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा येथेच गाजल्या. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लतादीदींना येथेच अखेरचा निरोप दिला. २०२० साली मैदानाचे नाव अधिकृतपणे ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ झाले. कट्ट्यावर मात्र अजून ‘पार्कात’ एवढेच म्हणतात.

फेरी पुरी झाली, गणपती पुन्हा समोर. अवंतिकाबाईंच्या नावाचा रस्ता मुंबईत आहे, पण तो तिकडे गिरगावात, ऑपेरा हाऊसजवळ. आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या भगिनी लग्नाआधी त्याच भागात राहत. हे ऐकून त्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, पाकिटावर तिचं नाव मी शेकडो वेळा लिहिलं. कोण होती ते एकदाही विचारलं नाही.”